तरवड : पिवळ्या फुलांच्या बहुवर्षायू रानझुडपाची ओळख, उपयुक्तता व लागवड
(साखरखेर्डा, जि. बुलढाणा परिसराच्या विशेष संदर्भात)

बीजशब्द : तरवड, रानटी नीळ, शिंबावंत कुल, बरड जमीन, धुरा, कठीण बीजकवच, परागण.

प्रस्तावना

वनस्पतीचे नाव आणि वनस्पती यांचे नाते नेहमीच सरळ नसते. एका प्रदेशात रूढ झालेले नाव दुसऱ्या प्रदेशात गेले की वेगळ्याच झाडाला चिकटते. त्यातून बागकामाचे सल्ले, औषधी गुणांचे दावे आणि लागवडीच्या पद्धती एका झाडाच्या दुसऱ्या झाडाला लावल्या जातात. ‘रानटी नीळ’ हे अशा घोटाळ्याचे बोलके उदाहरण होय. पिवळ्या फुलांची, वर्षानुवर्षे जगणारी रानटी नीळ म्हणून जी वनस्पती उद्यानविषयक ग्रंथांतून वर्णिली जाते, ती उत्तर अमेरिकेतील आहे. साखरखेर्ड्याच्या माळावर ती उगवत नाही. परंतु त्याच विस्तृत कुलातील, पिवळ्याच फुलांचे, बहुवर्षायू आणि निकृष्ट जमिनीत तग धरणारे एक झुडूप या माळावर पूर्वापार उभे आहे. ते म्हणजे तरवड.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, ‘रानटी नीळ’ या नावाखाली येणाऱ्या वनस्पतींतील भेद स्पष्ट करणे. दुसरे, तरवडाची शास्त्रीय ओळख व उपयोग सांगणे. आणि तिसरे, कोरडवाहू परिसरात त्याची लागवड कशी करावी याचे विवेचन करणे.

१. ‘रानटी नीळ’ : नावातील गोंधळ

अमेरिकन रानटी नीळ ही बॅप्टिसिया या प्रजातीतील वनस्पती आहे. ‘बुडवणे’ अथवा ‘रंगवणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून हे प्रजातीनाम आले. तिच्यातील बॅप्टिसिया टिंक्टोरिया आणि बॅप्टिसिया स्फीरोकार्पा या जातींना पिवळी, तर बॅप्टिसिया ऑस्ट्रॅलिसला निळी फुले येतात. पैकी टिंक्टोरिया ही जाती लिनीअस यांनी १७५३ मध्ये सोफोरा या प्रजातीत समाविष्ट केली होती; पुढे तिला आजचे नाव मिळाले. खऱ्या निळीला पर्याय म्हणून तिच्यापासून रंग काढण्याचे प्रयत्न झाले. मात्र तो रंग खऱ्या निळीच्या तोडीचा नव्हता. भारतीय वाचकाला बॅप्टिसिया हे नाव परिचित असते ते प्रामुख्याने होमिओपॅथीच्या औषधांमुळे.

या वनस्पतीचा जीवनक्रम तिच्या थंड प्रदेशाशी जुळलेला आहे. हिवाळ्यात तिचा जमिनीवरील भाग पूर्णपणे वाळून जातो आणि वसंतात खोल मुळांपासून नवे कोंब फुटतात. बियांचे कवच कठीण असते. ते खरवडून बी काही आठवडे थंड व ओलसर स्थितीत ठेवल्यास उगवण सुधारते. रोपाला बहरायला सुमारे तीन वर्षे लागतात आणि एकदा रुजलेले झाड उपटून दुसरीकडे लावलेले त्याला मानवत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील सौम्य हिवाळा आणि चाळीस अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा पाहता ही वनस्पती येथे आणण्याचा खटाटोप हौसेपुरताच ठरेल.

इंग्रजी व्यवहारात हेच ‘रानटी नीळ’ नाव भारतातील टेफ्रोसिया पर्पुरिया या वनस्पतीलाही दिले जाते. मराठीत तिला उन्हाळी, तर संस्कृतात शरपुंखा म्हणतात. तिची फुले जांभळट असतात. खरी नीळ, म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरिया, तिसरीच. तिची फुले गुलाबी छटेची असतात आणि निळा रंग तिच्या पानांतून मिळतो. १८९७ मध्ये जर्मनीत तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि या पिकाचा व्यापार ओसरत गेला. १९१७ च्या चंपारण सत्याग्रहामुळे नीळ हा शब्द इतिहासाच्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे.

पिवळ्या फुलांच्या देशी वनस्पतींचा निळीशी संबंध आला तो वेगळ्या वाटेने. टाकळा, ज्याला वऱ्हाडात तरोटा म्हणतात, त्याचे बी दक्षिण भारतातील रंगारी निळीचे पीप आंबवण्यासाठी वापरत. पाण्यात न विरघळणारी नीळ आंबवण्याच्या क्रियेत विरघळण्याजोगी होते, कापडात शिरते आणि कापड हवेत धरले की पुन्हा निळी होते. टाकळा हा तरवडाचाच वर्षायू भाईबंद होय.

२. साखरखेर्डा परिसराची नैसर्गिक पार्श्वभूमी

साखरखेर्डा हे सिंदखेडराजा तालुक्यातील मोठे गाव. १७२४ मध्ये येथे निजामुल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांच्यात झालेल्या लढाईने दक्षिणेत आसफजाही सत्तेचा पाया घातला. त्यामुळे इतिहासात या गावाचे नाव कायम झाले. भूगोलाच्या दृष्टीने मात्र हा परिसर दख्खनच्या पठाराचा प्रातिनिधिक तुकडा आहे. खाली बेसाल्ट खडकाचे थर, सखल भागात मध्यम ते खोल काळी जमीन आणि उंचवट्यांवर मुरमाड, उथळ अशी बरड जमीन, अशी येथील रचना आहे. लगतच्या लोणार तालुक्यातील सरोवर याच बेसाल्टमध्ये उल्कापाताने निर्माण झालेले आहे.

जिल्ह्यातील वार्षिक पर्जन्य साधारणतः ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास असते. बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि दोन पावसांमधील खंड पिकाची कसोटी पाहतो. सोयाबीन, कापूस व तूर या कोरडवाहू पिकांवर येथील शेतीची भिस्त आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्याग्रस्त भागासाठी जाहीर केलेल्या मदतयोजनेत विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाण्याचा समावेश होता, ही बाब येथील शेतीची नाजूक स्थिती सांगण्यास पुरेशी आहे.

अशा प्रदेशात शेताचा धुरा, नाल्याचा काठ आणि बरड माळ यांना मोल असते. धुऱ्यावरील झुडपांची मुळे माती धरून ठेवतात, वाऱ्याचा वेग कमी करतात आणि परागण करणाऱ्या कीटकांना पीक नसलेल्या दिवसांतही आसरा देतात. यंत्राने धुरे कोरून शेतात मिळवणे आणि उरलेल्या पट्ट्यावर तणनाशक फवारणे या पद्धती रूढ होत गेल्या, तशी ही झुडपे कमी होत गेली. मोकळ्या झालेल्या जागी गाजरगवत आणि सेना युनिफ्लोरासारखी परदेशी तणे शिरली. तरवडाचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

३. तरवडाची शास्त्रीय ओळख

तरवडाचे शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा असे आहे. पूर्वी त्याचा समावेश कॅसिया या प्रजातीत होत असे आणि जुन्या मराठी ग्रंथांत कॅसिया ऑरिक्युलाटा हेच नाव आढळते. संस्कृतात त्याला आवर्तकी, तमिळमध्ये आवारम, तेलुगूत तंगेडु म्हणतात. भारत, श्रीलंका व म्यानमार हा त्याचा नैसर्गिक प्रदेश. तेलंगणाने तंगेडुला राज्यपुष्पाचा मान दिला असून तेथील बतुकम्मा सणाच्या पुष्परचनेत ही फुले आवश्यक मानली जातात. महाराष्ट्रातही देशावर अनेक घरी नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ सोडण्याची चाल आहे. पावसाळा सरता सरता बहर भरात येतो आणि नवरात्र त्याच सुमारास येते, हा या चालीचा निसर्गाशी असलेला मेळ होय.

झुडूप साधारणतः दीड ते तीन मीटर उंच, बुंध्यापासून फांद्या फुटणारे असते. साल तपकिरी असते. पाने संयुक्त, समदली असून पर्णिकांच्या ८ ते १२ जोड्या असतात. प्रत्येक जोडीच्या मध्ये पानाच्या दांड्यावर एक उभी, बारीक ग्रंथी असते. पानाच्या तळाशी असलेली मोठी, गोलसर, कानाच्या पाळीसारखी उपपर्णे ही तरवडाची सर्वांत खात्रीची खूण आहे. ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे ‘कान असलेली’; जातिनाम या उपपर्णांवरूनच पडले आहे. शेंगा चपट्या, पातळ, फिक्या तपकिरी असून त्यांत साधारणतः १० ते २० बिया असतात.

क्षेत्रभेटीत विद्यार्थी तरवडाची गल्लत तीन वनस्पतींशी करतात. टाकळा किंवा तरोटा ही वर्षायू वनस्पती असून तिच्या पर्णिका तीनच जोड्या आणि शेंगा बारीक, लांब, धनुष्याकार असतात. कासविंदा हा उग्र वासाचा असून त्याच्या पर्णिका टोकदार असतात. त्याच्या बिया विषारी आहेत. रस्त्याच्या कडेला लावला जाणारा काशीद तर वृक्षच आहे. मोठी कर्णाकृती उपपर्णे या तिन्हींत नसतात.

४. फुलाची रचना व परागण

तरवडाचे फूल वर्गात शिकवण्यास अतिशय उपयुक्त आहे. पाच पिवळ्या पाकळ्या आणि १० पुंकेसर असे त्याचे वरवरचे रूप. परंतु हे दहाही पुंकेसर सारखे नसतात. वरचे तीन वंध्य असतात, उरलेल्यांत लहान व मोठे असे भेद असतात. परागकोश पूर्ण चिरत नाहीत. त्यांच्या टोकाशी छिद्रे असतात आणि पराग आत कोंडलेला राहतो. फुलात मध नसतो.

मग कीटक येतो कशासाठी? तो परागासाठीच येतो. मोठे काळे भुंगे फुलाला पायांनी धरतात, पंख न हलवता छातीचे स्नायू वेगाने थरथरवतात, आणि त्या कंपनाने मिठाच्या भांड्यातून मीठ यावे तसा पराग छिद्रांतून बाहेर पडतो. याला कंपन परागण म्हणतात. अशा फुलांत आखूड पुंकेसरांचा पराग मुख्यतः कीटकाच्या आहाराला जातो, तर लांब पुंकेसरांचा पराग त्याच्या अंगावर अशा जागी पडतो, जेथून तो दुसऱ्या फुलाच्या कुक्षीला लागतो. टोमॅटो व वांगी या पिकांनाही कंपन परागणाचा लाभ होतो. म्हणून धुऱ्यावरील तरवड भुंग्यांना टिकवून धरत असेल, तर तो शेजारच्या भाजीपाल्यालाही उपकारक ठरू शकतो. त्याची पाने काही पिवळसर फुलपाखरांच्या अळ्यांचेही अन्न आहेत.

५. उपयुक्तता

(अ) चर्मोद्योग : तरवडाच्या सालीत टॅनिनचे प्रमाण भरपूर, साधारणतः १५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असते. टॅनिन कातडीतील प्रथिनांशी बांधले जाते आणि कुजणारी कातडी टिकाऊ चामड्यात बदलते. एकोणिसाव्या शतकात मद्रासहून निर्यात होणाऱ्या अर्धपक्व चामड्यांची ख्याती या सालीवर उभी होती. पुढे परदेशी बाभळीची स्वस्त साल आणि क्रोमियम क्षारांची जलद पद्धत आली. मद्रास इलाख्यात क्रोम पद्धतीच्या प्रसारासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी प्रयत्न केले. महिन्याचे काम दिवसांवर आले आणि तरवडाची मागणी घटली. मात्र क्रोमियमयुक्त सांडपाण्याचा प्रश्न गंभीर झाल्यावर वनस्पतिजन्य पद्धतीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. महाराष्ट्र व कर्नाटकातील कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या पारंपरिक चामड्यासाठी बाभळीची साल व हिरडा वापरतात. तरवड हा याच परंपरेचा घटक आहे.

(आ) हिरवळीचे खत : तमिळ प्रदेशात भाताच्या खाचरात तरवडाचा पाला तुडवण्याची जुनी रीत आहे. गुरे हा पाला सहसा खात नाहीत. चाऱ्याच्या दृष्टीने हा दोष असला, तरी लागवडीच्या दृष्टीने तो मोठा गुण आहे, कारण रोपांना कुंपण लागत नाही.

(इ) औषधी उपयोग : आयुर्वेद व सिद्ध परंपरेत फुले, बिया व साल यांचा उपयोग सांगितला आहे, मधुमेहातील वापर विशेष प्रसिद्ध आहे. कोवळ्या काड्या दातवणासाठी वापरल्या जातात आणि श्रीलंकेत पाला व फुलांचा चहा केला जातो. तथापि परंपरेतील उल्लेख आणि मानवावरील काटेकोर चाचण्यांचे निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्बामाझेपीन या अपस्मारावरील औषधासोबत तरवडाचा चहा दिल्यास रक्तातील औषधाची पातळी वाढते, असे प्रयोगशाळेतील उंदरांवर दिसून आले आहे. सेना प्रजातीत रेचक द्रव्येही असतात. म्हणून चालू औषधोपचार सोडून किंवा त्यासोबत तरवडाचे सेवन वैद्यकीय सल्ल्याविना करणे योग्य नव्हे.

६. लागवड

(अ) बीजसंकलन : शेंगा हिवाळ्यात पक्व होऊ लागतात. त्या वाळून तपकिरी झाल्यावर, परंतु गळण्यापूर्वी तोडाव्यात. अनेक झुडपांवरून थोडे थोडे बी घ्यावे, म्हणजे आनुवंशिक विविधता राखली जाते. बियांना भुंगेऱ्यांचा उपद्रव होतो. छिद्र पडलेल्या बिया निवडून टाकाव्यात; उरलेल्या उन्हात वाळवून राखेत किंवा कडुलिंबाच्या पाल्यात हवाबंद ठेवाव्यात.

(आ) बीजप्रक्रिया : कठीण कवचातून पाणी आत शिरत नाही, म्हणून प्रक्रियेविना पेरलेल्या बिया महिनोन्महिने तशाच पडून राहतात. दोन सोपे उपाय आहेत. पहिला, बी वाळूवर किंवा खरकागदावर कवच निस्तेज होईपर्यंत घासणे. दुसरा, पाणी उकळून खाली उतरवावे, त्यात बी टाकावे आणि ते निवत असताना रात्रभर भिजू द्यावे. सकाळी फुगलेले बी लगेच पेरावे. न फुगलेल्या बियांवर पुन्हा प्रक्रिया करावी. बॅप्टिसियासाठी सांगितलेले थंड साठवण येथे अनावश्यक आहे. कठीण कवच दोन्हींत असले, तरी थंडीची वाट पाहणारे बी थंड प्रदेशाचे. तरवडाचे बी पावसाची वाट पाहते.

(इ) रोपवाटिका : फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशव्यांत माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग भरून प्रत्येकी दोन बिया एक सेंटिमीटर खोल पेराव्यात. एक-दोन आठवड्यांत उगवण होते. नंतर एकच सशक्त रोप ठेवावे. सोटमूळ पिशवीबाहेर जाऊ देऊ नये. पिशव्या अधूनमधून हलवाव्यात. अखेरच्या पंधरवड्यात पाणी कमी करून रोपे काटक करावीत.

(ई) जागा व लावणी : भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा या दोनच अटी आहेत. मुरमाड, खडकाळ, काहीशी क्षारयुक्त जमीनही चालते. पाणी साचणारी खोल काळी जमीन टाळावी. ३० सेंटिमीटर लांबी, रुंदी व खोलीचे खड्डे उन्हाळ्यातच खोदून ठेवावेत. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. धुऱ्यावर एका ओळीत ७५ सेंटिमीटर ते एक मीटर अंतर पुरेसे आहे. उतारावर ओळी समपातळीत घ्याव्यात व एका ओळीतील रोप दुसऱ्या ओळीच्या मोकळ्या जागेसमोर यावे. मनुष्यबळ कमी असल्यास प्रक्रिया केलेले बी थेट टोकणेही शक्य आहे. मात्र एका जागी तीन-चार बिया टाकाव्यात.

(उ) निगा : पहिल्या वर्षी भोवतालचे गवत दोनदा काढावे आणि पावसात मोठा खंड पडल्यास पाणी द्यावे. पहिल्या उन्हाळ्यात आच्छादन केल्यास मर कमी होते. पुढे सिंचनाची गरज राहत नाही. शेतात सावली नको असल्यास झुडूप दरवर्षी मीटरभर उंचीवर छाटावे. छाटलेला पाला आच्छादनास वापरावा. नवरात्रापूर्वी छाटणी केल्यास बहर जातो, म्हणून ती शेंगा काढल्यानंतर करणे श्रेयस्कर.

(ऊ) साल काढण्याची रीत : उभ्या झुडपाची साल सभोवार सोलल्यास ते मरते. रुजून दोन-तीन वर्षे झालेल्या झुडपाच्या फांद्या जमिनीलगत कापाव्यात आणि कापलेल्या फांद्यांची साल काढावी. बुंध्याला पुन्हा जोमदार धुमारे फुटतात. रानातील झुडपे ओरबाडण्याऐवजी लागवडीतून उत्पन्न घेण्याचा अर्थ येथेच आहे.

७. नत्राविषयी एक गैरसमज

‘शिंबावंत कुलातील वनस्पती म्हणजे मुळांवर गाठी आणि गाठी म्हणजे हवेतील नत्राचे स्थिरीकरण’ हे समीकरण पाठ्यपुस्तकांमुळे पक्के झाले आहे. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत तरवडाविषयीही तसे सांगितले जाते. परंतु सेना प्रजातीतील बहुतांश वनस्पतींच्या मुळांवर अशा गाठी होत नाहीत. शरपुंखा, खरी नीळ, ताग आणि बॅप्टिसिया यांच्या मुळांवर त्या होतात. म्हणजेच तरवडाचा पाला जमिनीत जे नत्र परत करतो ते त्याच जमिनीतून, खोल मुळांनी वर आणलेले असते. त्याचे मोल कमी नाही. पण ते वेगळे आहे. नत्र वाढवणे हा हेतू असेल, तर तरवडाच्या दोन ओळींमध्ये शरपुंखा किंवा ताग घेणे अधिक तर्कसंगत होय. खोटी स्तुती वनस्पतीला तारत नाही. अपेक्षाभंग झालेला शेतकरी तीच वनस्पती पुढच्या वर्षी उपटून टाकतो.

८. महाविद्यालयांची भूमिका

हा विषय प्रयोगशाळेच्या खर्चाविना हाताळता येतो. वनस्पतिशास्त्र विभागास प्रत्येकी ५० बियांचे चार गट करून, प्रक्रियाविरहित, खरवडलेले, गरम पाण्यातील व साध्या पाण्यातील बियांच्या उगवणीची तुलना करता येईल. प्राणिशास्त्र विभागास बहराच्या दिवसांत ठरावीक वेळी फुलांवर येणाऱ्या कीटकांची नोंद ठेवता येईल. तरवड, तरोटा व शरपुंखा यांची मुळे शेजारी ठेवून गाठींची पाहणी केली, तर पुस्तकातील वाक्य आणि जमिनीतील वस्तुस्थिती यांतील अंतर विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. भूगोल व अर्थशास्त्र विभागांना धुऱ्यांचे सर्वेक्षण करता येईल, तर मराठी विभागास सण, म्हणी व स्थानिक नावांचे संकलन. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात परदेशी शोभेच्या रोपांऐवजी गावच्याच माळावरील बियांपासून वाढवलेली रोपे लावणे हा या सर्वांचा स्वाभाविक शेवट ठरेल.

समारोप

अमेरिकन रानटी नीळ आणि तरवड यांची तुलना केली असता एक गोष्ट लक्षात येते. खोल मुळे, कठीण बी, दीर्घ आयुष्य आणि निकृष्ट जमिनीत तग धरण्याची क्षमता हे गुण दोन्हींत आहेत. परंतु प्रत्येकीने ते आपापल्या हवामानाशी जुळवून घेतले आहेत. म्हणून एका प्रदेशातील वनस्पतीचे कौतुक वाचल्यावर ती आणण्यापेक्षा, आपल्या प्रदेशात तेच कार्य कोण करीत आहे हे शोधणे अधिक फलदायी असते. साखरखेर्डा परिसरात ते कार्य तरवड करीत आला आहे. त्याला कुंपण लागत नाही, खत लागत नाही, पहिल्या वर्षानंतर पाणीही लागत नाही. त्याला लागतो तो धुऱ्यावरचा हातभर रुंदीचा पट्टा. तो पट्टा राहिला, तर नवरात्रातील घटाला माळ मिळेल, भुंग्याला पराग मिळेल आणि बरड जमिनीवरची मूठभर माती पावसाबरोबर नाल्याला जाण्यापासून वाचेल.